सुरत ते सीताखाई

"दाजी, येत्या रविवारी आम्ही सगळे निघतोय. तोरणमाळला सीताखाईचा धबधबा पाहायचा. पहाटे सुरतेहून निघायचं, रात्री सुरतेला परत. एक दिनमा व्हई जाई ना?"

गेल्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर आमच्या मेहुण्यांचा हा फोन आला, तेव्हा मी पहिल्या चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. मेहुणे मूळचे आमच्या खानदेशचेच. वीस वर्षांपूर्वी ते कापडाच्या धंद्यात नोकरीसाठी सुरतेला गेले आणि तिथलेच झाले. सुरतेत आता खानदेशी मंडळींची वस्ती एवढी मोठी आहे, की उधना-लिंबायतच्या बाजूला भाजी घेताना अहिराणी सहज कानी पडते. मेहुणे एरवी पुस्तकी मराठी बोलतात. पण घाई झाली, की आईची बोली त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडते. त्या दिवशी ते घाईत होते, हे मी लगेच ओळखले.

"होईल की," असे मी म्हणून टाकले. मेहुण्याला नाही म्हणण्याची सोय आपल्या समाजात कोणी ठेवली आहे? फोन ठेवल्यावर मात्र एका पेपराच्या कोऱ्या पाठीवर मी हिशेब मांडू लागलो. सुरत ते नंदुरबार आगगाडीने सुमारे १६० किलोमीटर. तीन तास धरावेत. नंदुरबारहून प्रकाशाच्या पुलावरून शहादा तासाभराच्या अंतरावर. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर आणि पुढे घाटाने तोरणमाळ; ही वाट पन्नास-पंचावन्न किलोमीटरची, पण पावसाळ्यात दोन तासांना कमी नाही. म्हणजे जाताना सहा तास आणि येताना सहा तास. त्यात चहा, फराळ, मुलांचे उतरणे, गाडीचा उशीर आणि घाटातली दरड यांची वजाबाकी केली, तेव्हा प्रत्यक्ष धबधब्याच्या वाट्याला दोन तास उरले.

आमच्या सौभाग्यवतींनी तो कागद पाहिला आणि म्हणाल्या, "दोन तास पुष्कळ झाले. धबधबा काय, एकदा पाहिला की पाहिला!"

मला ते पटले नाही असे नाही. पण मी पडलो इतिहास शिकवणारा मास्तर. 'एका दिवसात' हे दोन शब्द माझ्या डोक्यात घोळू लागले. जी वाट आपण एका रविवारात पालथी घालणार, ती पूर्वी किती दिवसांची होती? तिच्यावरून कोण कोण गेले? आणि मुख्य म्हणजे, ती वाट एका दिवसाची झाली तेव्हा ती सगळ्यांसाठीच झाली की काय? वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर ही थोडी जुनी शिदोरीही सोडावी म्हणतो.

एका दिवसाची सहल ही गोष्टच मुळी फार जुनी नाही. आपल्याकडे यात्रा होती, वारी होती, माहेरपण होते. पण सकाळी निघून काहीतरी सुंदर पाहावे आणि झोपायला घरी यावे, ही कल्पना आगगाडीबरोबर आली. इंग्लंडात १८४१ साली थॉमस कुक नावाच्या गृहस्थाने लेस्टर गावातून सुमारे पाचशे माणसे एका खास गाडीने जवळच्या लाफबरो गावी नेली आणि त्याच दिवशी परत आणली. माणशी भाडे एक शिलिंग. तेथून सहलीचा धंदा सुरू झाला. त्याच्या बारा वर्षांनी, १८५३ च्या १६ एप्रिलला, मुंबईहून ठाण्याला आपली पहिली आगगाडी धावली, आणि दिवसाच्या दिवशी जाऊन येणे म्हणजे काय, हे आपल्यालाही कळले.

त्याआधी काय होते, ते आमच्या नंदुरबारच्या रस्त्याला विचारावे. हे गाव आज मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात पथारीवर लाल मिरची वाळत घातलेली असते, तेव्हा बाजूने जाणाऱ्या परक्या माणसाला ठसका लागतो आणि आम्हां स्थानिकांना भूक लागते. पण गावाचे नाव मिरचीहून कितीतरी जुने. मिरची हिंदुस्थानात आली पोर्तुगीजांच्या मागून. नंदुरबार त्याच्या आधीच जगाच्या प्रवासवर्णनांत जाऊन बसले होते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीच्या महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनच्या बादशहाकडे नजराणे घेऊन १३४२ साली निघाला. तो दौलताबादेहून नंदुरबारला आला आणि तेथून खंबायतेकडे गेला. या गावात मराठे राहतात, ते हस्तकौशल्यात निपुण आहेत, वैद्यकी आणि ज्योतिष जाणतात, भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल खातात, असे त्याने लिहून ठेवले. पावणेसातशे वर्षांपूर्वी एका परदेशी पाहुण्याने आमच्या गावाला दिलेले हे प्रशस्तिपत्र. मी दर वर्षी ते वर्गात सांगतो, आणि दर वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "गुरुजी, तो मुक्कामाला थांबला होता का?" थांबणारच! त्या काळी थांबल्याशिवाय कोणतेच गाव ओलांडता येत नसे.

पुढे अकबराच्या दफ्तरात नंदुरबार माळव्याच्या सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदले गेले, आणि सुरत हे मोगलांचे मोठे बंदर झाल्यावर तर या गावाचे दैवच उघडले. सुरतेहून बुऱ्हाणपूरला आणि तेथून आग्ऱ्याला जाणारा राजमार्ग येथून जाई. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या पावसाळ्यानंतर सुरतेहून निघाला तो याच मार्गाने, आणि नोव्हेंबरात बुऱ्हाणपूरला पोचला. सुरत ते बुऱ्हाणपूर ही मजल त्या काळी सुमारे दोन आठवड्यांची होती.

हिऱ्यामोत्यांचा फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये या वाटेने गेला, तेव्हा त्याने एकेक मुक्काम टिपून ठेवला. सुरतेनंतर बारडोली, पुढे नवापूर, मग नंदुरबार. नवापूरच्या तांदळाचे त्याने केलेले वर्णन वाचून आजही तोंडाला पाणी सुटते. दाणा लहान, शिजला की बर्फाहून पांढरा, आणि वास कस्तुरीचा. बडे लोक हाच तांदूळ खातात, असे तो म्हणतो. याच प्रवाशाने बैलांच्या तांड्यांचेही वर्णन केले आहे. दहा-दहा, बारा-बारा हजार बैल धान्य नाही तर मीठ लादून चालले आहेत, आणि तांडा पुरता निघून जाईपर्यंत वाटसरूने बाजूला थांबून राहावे, असा तो प्रकार. आपण रेल्वेच्या फाटकावर पाच मिनिटे अडकलो तर कर्णा वाजवून गाव डोक्यावर घेतो!

पण वाचकहो, या वाटेवर नुसता कस्तुरीचा वास नव्हता. १६३० साली पाऊस गेला आणि गुजरातपासून खानदेशापर्यंत भीषण दुष्काळ पडला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून आग्ऱ्याला निघाला. नंदुरबारच्या आसपास त्याने जे पाहिले, ते शाळेतल्या मुलांना सांगताना माझा आवाज खाली येतो. वाटेच्या कडेला माणसे मरून पडलेली, तंबू ठोकायला मोकळी जागा मिळणे कठीण. खेड्यांतून निघून बंदराच्या शहराकडे, अन्नाच्या दिशेने चाललेली माणसे वाटेतच संपत होती. ज्या रस्त्यावरून माल, वकील आणि जवाहीर गेले, त्याच रस्त्यावरून भूकही चालत गेली. ही गोष्ट मी येथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचा संबंध आहे.

आगगाडी आमच्याकडे आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीच्या कारभाराखाली तापी व्हॅली रेल्वे उभी राहिली आणि १९०० पर्यंत सुरत ते अमळनेर असा लोहमार्ग पुरा झाला. खानदेशचा कापूस सुरतेला नेणे, हा तिचा मुख्य उद्योग. योग असा, की ती पुरी होत होती तेव्हा छप्पनचा दुष्काळ गुजरात-खानदेशात थैमान घालत होता. विक्रम संवत १९५६ मधला, म्हणून छप्पनचा. आमच्या भागातील जुनी माणसे 'छप्पन' म्हटले की अजूनही कपाळाला हात लावतात. त्यांनी तो पाहिला नाही, पण पाहिलेल्यांच्या मांडीवर बसून ऐकला आहे.

या गाडीने वाट आखडली. दिवसांची मजल तासांवर आली. नंदुरबारच्या मुलांना सुरतेचे कॉलेज जवळ झाले, सुरतेच्या पेढ्यांना नंदुरबारचा बाजार जवळ झाला. गुजराती आणि मराठी घरे एका गल्लीत भिंतीला भिंत लावून राहू लागली. १९४२ च्या ९ सप्टेंबरला नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता या कोवळ्या विद्यार्थ्यासह पाच जण हुतात्मे झाले. त्या पाचांत गुजराती घरची मुले होती, तशी मराठी घरचीही होती. आज हा लोहमार्ग दुहेरी झाला आहे आणि त्यावर विजेच्या गाड्या धावतात. मेहुण्यांच्या 'एका दिवसा'तला मोठा वाटा हा असा शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या कापसाच्या गासड्यांनी कमावून ठेवलेला आहे.

आता उरला सातपुडा.

तापी ओलांडली, की उत्तरेला आडवी निळी रेघ दिसते, तो सातपुडा. ओलांडण्याची जागा प्रकाशा. तापी आणि गोमाई यांचा तेथे संगम आहे, देवळे आहेत, आणि लोक त्याला दक्षिणकाशी म्हणतात. १९५५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने तेथे उत्खनन केले, तेव्हा तांब्याची आणि दगडाची हत्यारे एकाच वेळी वापरणाऱ्या लोकांची, साडेतीन हजार वर्षांहून जुनी वस्ती हाती लागली. म्हणजे नदी ओलांडायला माणसे येथे केव्हापासून येत आहेत, याचा अंदाज घ्यावा.

नदीपासून डोंगरापर्यंत काळीभोर जमीन, केळी, ऊस, पपई. राणीपूर सोडले, की जमीन एकाएकी उभी राहते. सात वळणांचा सातपायरीचा घाट चढून जावे, तेव्हा साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवर तोरणमाळचे पठार लागते. माथ्यावर यशवंत तलाव आहे, कमळांचा तलाव आहे, जुन्या तटबंदीचे अवशेष आहेत, आणि गोरक्षनाथाचे स्थान आहे. महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरते. खानदेश, माळवा आणि गुजरात या तिन्ही बाजूंनी माणसे येतात. मोटार नव्हती तेव्हा ती चालत येत, आणि नवसाची अजूनही चालत येतात. एका दिवसात परत जाण्याची घाई त्यांना कधी नव्हती. देवाला भेटायला जायचे आणि घड्याळ पाहायचे, हे त्यांना अशोभनीय वाटले असते.

पठार जेथे तुटते, तेथे सीताखाई. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्या पाषाणाला पडलेली ही प्रचंड घळ. लोकांनी तिचे नाते सीतामाईशी जोडले आहे. पावसाळ्यात पठारावरचे पाणी या घळीत कोसळते. गिरसप्पाच्या ८३० फुटांचे वैभव आमच्या धबधब्याला नाही, आणि दूधसागरासारखा आगगाडीच्या खिडकीतून तो दर्शनही देत नाही. त्याच्यापर्यंत जावे लागते, आणि दिवाळी झाली की तो हळूहळू आटतो. पण खानदेशच्या उन्हात वाढलेल्या माणसाला विचारा, सीताखाई म्हणजे काय ते!

या पठाराची आणि त्यामागच्या अक्राणीच्या डोंगरांची मूळ मालकी भिल्ल, पावरा, नहाल यांची. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. डोंगरातले भिल्ल त्यांना सहजासहजी वश झाले नाहीत. १८२५ साली औट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभारली आणि भिल्लांच्या हाती डोंगराचा बंदोबस्त दिला. पुढे १८७८ साली जंगलाचा कायदा आला. सागाचे झाड सरकारचे झाले. ज्याच्या अंगणात ते वाढले, तो त्याच्या फांदीसाठी गुन्हेगार ठरू लागला. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले, १९६० साली महाराष्ट्र झाला, १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन आमचा नंदुरबार जिल्हा झाला. दरम्यान डोंगराच्या पलीकडच्या अंगाला नर्मदेवर सरदार सरोवर उभे राहिले आणि महाराष्ट्राच्या बाजूची ३३ गावे त्याच्या बुडिताच्या यादीत गेली. नकाशे असे वरचेवर बदलत राहिले. दुर्गम पाड्यांत आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणण्याची पाळी मात्र अजून पुरती टळलेली नाही.

हे सगळे डोक्यात घेऊन मी त्या रविवारी भाड्याची जीप करून नंदुरबारच्या फलाटावर उभा होतो.

गाडी अर्धा तास उशिरा आली. मेहुणे, वहिनी, दोन मुले, तीन पिशव्या. शहाद्याला आमच्या घरी कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा असा बेत होता. तो मेहुण्यांनी उभ्या-उभ्या आटोपायला लावला. "दाजी, दोन तास मिळाले पाहिजेत," हा त्यांचा जप चालू होता. मी वाटेत प्रकाशाचे उत्खनन सांगायला सुरुवात केली, तर धाकटी भाची झोपली आणि थोरल्याने विचारले, "मामा, तिथे नेटवर्क असतं का?" मुलाचे आम्ही मामा नव्हे, फुवा, पण सुरतेत सगळेच काका-मामा, म्हणून मी ती चूक पोटात घातली.

घाटात धुके भेटले. माथ्यावर तर ते इतके दाट, की जीपच्या पुढचा माणूसही पुसट दिसे. सीताखाईच्या काठावर पोचलो, तेव्हा समोर नुसती पांढरी भिंत. भिंतीमागून पाण्याचा गंभीर आवाज येत होता. मेहुण्यांनी घड्याळ पाहिले. अडीचशे किलोमीटर तुडवून ते आले होते, आणि समोर काहीच नव्हते.

काठाजवळ एक पावरा गृहस्थ निखाऱ्यावर कणसे भाजत बसले होते. वय माझ्याएवढेच, पण चेहऱ्यावर दहा वर्षे अधिक उमटलेली. ते म्हणाले, "थांबा. धुकं जाईल."

"किती वेळात?" मेहुण्यांनी विचारले.

"जाईल."

यावर काय बोलणार? आम्ही कणसे घेतली आणि दगडावर टेकलो. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "कुठून आले?"

"सुरत."

"सुरत?" त्यांचा चेहरा ओळखीचे माणूस भेटावे तसा फुलला. "मी पण असतो तिकडे. बारडोलीच्या बाजूला. दिवाळी झाली की जातो. ऊस तोडायला."

"किती वर्षं झाली?"

"बापाबरोबर जात होतो. शाळा सोडली तेव्हापासून. आता बायको, पोरं, सगळे."

"जाता कसे?"

"मुकादमाची गाडी येते. संध्याकाळी बसायचं, सकाळी उसात."

मेहुणे हसून म्हणाले, "मग सुरत पाहिली असेल सगळी!"

"नाही," ते कणीस फिरवत म्हणाले. "बारडोलीहून जवळच म्हणतात. पण तोड चालू असली की सुट्टी नसते. पट्टा पडला की गाडी थेट गावाला. सुरत बघायचं राहूनच गेलं."

मेहुणे काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. पण माझ्या डोक्यातला कागद आपोआप उलटला. ताव्हर्नियेचा सुरतेनंतरचा मुक्काम, बारडोली. १९२८ साली वल्लभभाईंच्या मागे उभे राहून शेतकऱ्यांनी वाढीव साऱ्याविरुद्ध सत्याग्रह केला, तीच ही बारडोली. स्वातंत्र्यानंतर त्या भागात सहकारी साखर कारखाने निघाले आणि त्यांच्या उसावर आमच्या डोंगरातली माणसे कोयता घेऊन जाऊ लागली. तेथे नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. माणसे मोजायची नाहीत, कोयते मोजायचे. मुकादम पावसाळ्यातच, घरातले धान्य संपलेले असताना, उचल देऊन जातो. ती घेतली, की दिवाळीनंतरचे सहा महिने त्याच्या नावावर चढले. म्हणजे आम्ही ज्या वाटेने हौसेने वर आलो, त्याच वाटेने हे गृहस्थ बापाच्या वेळेपासून दर वर्षी खाली जात होते. वाट एकच, तासही तितकेच. त्या बाजूने मात्र तिला कोणी सहल म्हणत नव्हते.

मला हे नवे नव्हते. माझी शाळा पायथ्याच्या गावात आहे. दिवाळीची सुट्टी संपून आम्ही हजेरी घेतो, तेव्हा काही नावांपुढे उत्तर येत नाही. पहिल्या वर्षी मी रागाने त्यांना गैरहजर मांडले. दुसऱ्या वर्षी शाई जड वाटू लागली. कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, गावात वसतिगृहे निघाली, काही मुले थांबतातही. पण वासरू गायीमागे जाते, तसे लहान मूल आईमागे जाते. चैत्रात ते परत येते, तेव्हा त्याचे अक्षर बिघडलेले असते आणि हात घट्ट झालेले असतात. त्याच्यापुढे मी इब्न बतूता उघडतो. मग माझे मलाच कळत नाही, की त्या वर्गात अधिक प्रवास कोणी केला आहे.

तासाभराने धुके गेले. गेले म्हणजे, जणू कोणी घोंगडी ओढून घेतली. समोर ती खोल घळ, काळ्या कड्यावरून उतरणारे पांढरे पाणी, आणि खाली हिरवाईत ते नाहीसे होत होते. थोरल्याने नेटवर्कची चौकशी सोडून दिली. वहिनींनी हात जोडले. कणसांवाले गृहस्थ जागचे उठले नाहीत. ते आमच्याच तोंडाकडे पाहत होते, यजमान पाहुण्याच्या ताटाकडे पाहतो तसे.

दोन तासांचे चार तास झाले. निघताना मेहुण्यांनी कणसांचे पैसे दिले आणि एका चिठ्ठीवर आपला फोन नंबर लिहून दिला. "यंदा पट्टा पडला, की थेट गावाला जायचं नाही. एक दिवस सुरतेला उतरायचं. मी न्यायला येतो." त्या गृहस्थांनी चिठ्ठी टोपीत ठेवली. शहराच्या माणसांच्या अशा चिठ्ठ्या त्यांनी पूर्वीही टोपीत ठेवल्या असाव्यात, असे मला वाटले.

नंदुरबारला आम्ही पोचलो, तेव्हा मेहुण्यांची गाडी केव्हाच निघून गेली होती. सगळे परत शहाद्याला, आमच्या घरी. रात्री शेवभाजी झाली, गप्पा झाल्या, मुले गच्चीवर झोपायचा हट्ट धरून पावसाने भिजून खाली आली. एका दिवसाची सहल दीड दिवसाची झाली आणि मेहुण्यांची एका दिवसाची रोजी बुडाली. त्याबद्दल त्यांनी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

दिवाळी झाली, शाळा उघडली. हजेरीत पाच नावांपुढे उत्तर आले नाही. होळी गेली, पाडवा गेला. वैशाखात एका संध्याकाळी मेहुण्यांचा फोन आला. ते पुन्हा घाईत होते. "दाजी, तुम्हांशी कोणी बोलणार शे," एवढेच ते म्हणाले आणि फोन दुसऱ्याच्या हाती दिला.

ते कणसांवाले गृहस्थ होते. बायको आणि दोन मुलांसह ते सकाळी बारडोलीहून सुरतेला उतरले होते. मेहुण्यांनी रजा काढून त्यांना तापीकाठचा जुना किल्ला दाखवला, वहिनींनी जेवू घातले, आणि दुपारी सगळे डुमसला समुद्रावर गेले. रात्रीच्या गाडीने ते नंदुरबारला निघणार होते. त्यांचीही सहल एका दिवसाचीच.

"गुरुजी," ते म्हणाले, "इथली नदी तापीच आहे ना? प्रकाशाची?"

"तीच," मी म्हणालो. "समुद्र पाहिला?"

"पाहिला."

"कसा वाटला?"

ते थोडे थांबले. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"पलीकडचा काठ दिसत नाही," ते म्हणाले. "आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. धुकं नव्हतं, तरी दिसला नाही."